मातीतून चौथऱ्यावर : डॉक्टर बाईंचा पुतळा उभा कसा राहतो?

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला एक फोटो अनेक मराठी वाचकांनी पाहिला असेल. तीन तरुणी आहेत आणि तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाहून आलेल्या सबत इस्लामबुली. तिघीही विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी. पाच महिन्यांनी, ११ मार्च १८८६ रोजी, आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. त्यानंतर वर्षही सरले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला होता.

त्याच कॉलेजातून १८८९ साली आणखी एक मुलगी डॉक्टर झाली. सुझन ला फ्लेश पिकॉट तिचे नाव, अमेरिकेतल्या ओमाहा या आदिवासी जमातीतली. लहानपणी तिने आपल्या वस्तीतल्या एका आजारी बाईला तडफडताना पाहिले होते. निरोपावर निरोप धाडूनही गोरा डॉक्टर आला नाही आणि ती बाई गेली. सुझनबाई शिकल्या, परत आल्या आणि बाराशेहून अधिक माणसांची दवापाण्याची जबाबदारी त्यांनी एकटीने उचलली. १९१३ मध्ये त्यांनी वॉल्टहिल गावी रुग्णालय उभे केले. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नेब्रास्काची राजधानी लिंकन इथे त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. शिल्पकार बेंजामिन व्हिक्टर.

पदवीपासून पुतळ्यापर्यंत १३२ वर्षे गेली. या काळात काय काय घडावे लागते? कोण मागणी करते, जागा कोण देते, चेहरा कुठून मिळतो, मातीचे ब्राँझ कसे होते, चौथऱ्यावर काय लिहायचे हे कोण ठरवते? पुतळा हा समाजाने सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडलेला निर्णय असतो. तो निर्णय टप्प्याटप्प्याने होतो आणि प्रत्येक टप्प्यावर एखाद्या बाईचे नाव मागे पडू शकते. म्हणून हे टप्पे नीट समजून घेऊ.

पहिला टप्पा : कुणीतरी मागावे लागते

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या बागेत, थेम्स नदीच्या काठी, मेरी सीकोल यांचा पुतळा आहे. ३० जून २०१६ रोजी त्याचे अनावरण झाले. नावानिशी उभा राहिलेला कृष्णवर्णीय स्त्रीचा ब्रिटनमधला पहिला पुतळा म्हणून तो ओळखला जातो. त्याची कहाणी पुतळा कसा मागावा याचा धडाच आहे.

मेरीबाई १८०५ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मल्या. आई खानावळवजा घर चालवायची आणि तिथे उतरलेल्या आजारी माणसांना झाडपाल्याची औषधे द्यायची. आपल्याकडे वैदूबाई किंवा सुईण जशी हातगुणाची, तशी ही आई. मेरीबाई तिच्याच हाताखाली शिकल्या. जमैकातली कॉलऱ्याची साथ त्यांनी पाहिली, पनामात तर त्याच रोगाशी हातघाईची लढाई केली. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक साथीच्या रोगांनी मरत असल्याचे ऐकून त्या लंडनला आल्या. युद्धखात्याकडे गेल्या, परिचारिकांची भरती करणाऱ्यांकडेही गेल्या. सगळीकडून नकार आला. शेवटी पदरचे पैसे घालून त्या क्रिमियाला पोहोचल्या, बालाक्लाव्हाजवळ 'ब्रिटिश हॉटेल' उघडले आणि जेवण, औषध आणि सेवा एकाच छपराखाली सुरू केली. युद्ध संपले तेव्हा माल पडून राहिला आणि त्यांचे दिवाळे निघाले. १८५७ मध्ये सैनिकांनीच पुढाकार घेऊन लंडनमध्ये त्यांच्या मदतीसाठी चार दिवसांचा कार्यक्रम केला. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र छापले गेले. १८८१ मध्ये त्या वारल्या आणि त्यानंतर लोक त्यांना विसरले.

त्यांची आठवण पुन्हा जागी झाली ती कबरीपासून. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीतली त्यांची कबर १९७३ साली परिचारिकांच्या संघटनांनी दुरुस्त केली. पुढे कॅरिबियन बेटांतून आलेल्या आणि ब्रिटिश सैन्यात काम केलेल्या काही महिलांनी आपले खासदार क्लाइव्ह सोली यांना त्या कबरीपाशी नेले. या बाईंचा पुतळा व्हायला हवा, असे त्यांनी सांगितले. सोलींनी शब्द दिला. समिती झाली, निधी गोळा होऊ लागला. लोकवर्गणीतून पाच लाख पौंड जमायला बारा वर्षे लागली. पुतळा बसवण्याच्या खर्चासाठी सरकारने बँकांकडून वसूल केलेल्या दंडाच्या रकमेतून २,४०,००० पौंड दिले.

यातली सुरुवात ध्यानात घेण्यासारखी आहे. कुठल्याही मंत्र्याच्या टेबलावरून ही कल्पना आली नाही. कबर साफ करणाऱ्या, वर्षानुवर्षे फुले वाहणाऱ्या बायकांकडून ती आली. ज्या स्त्रीची कबर, समाधी, घर किंवा दवाखाना कुणी जपलेला नसतो, तिच्यासाठी पहिली हाक घालायलाच कुणी उरत नाही.

दुसरा टप्पा : जागा

पैशांइतकाच अवघड प्रश्न जागेचा असतो. सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिकांचे विद्यालय काढले. त्यामुळे सीकोल यांचा पुतळा तिथे नको, असा आक्षेप नाइटिंगेल यांच्या चाहत्यांनी घेतला. सीकोल यांच्या कामाचे स्वरूप वेगळे होते, त्या रुग्णालयाशी त्यांचा संबंध नव्हता, असे त्यांचे म्हणणे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने आणि स्थानिक नगरपालिकेने विचार करून परवानगी दिली. वाद झाला हे वाईट नाही. एका स्त्रीला जागा दिली की दुसरीची जागा कमी होते, असे वाटण्याइतकी या चौथऱ्यांची संख्या थोडी आहे, हेच त्यातून दिसते.

नाइटिंगेल यांना स्वतःला तरी जागा कशी मिळाली? लंडनमधल्या वॉटर्लू प्लेसमध्ये क्रिमियाच्या युद्धाचे स्मारक १८६१ पासून होते. १९१५ मध्ये तिथे नाइटिंगेल यांचा पुतळा उभा राहिला, पण त्यासाठी आधी जुने स्मारक मागे सरकवावे लागले.

वॉशिंग्टनमध्ये तर जागा मोजूनच दिलेली आहे. अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याने आपले दोन पुतळे द्यायचे, असा कायदा १८६४ साली झाला. पन्नास राज्ये, शंभर पुतळे. तिथे कोलोराडो राज्याने १९५९ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स सेबिन यांचा पुतळा दिला. जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयात पूर्ण प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. नवा पुतळा द्यायचा तर जुना हलवावा लागतो. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाचा ठराव आणि राज्यपालांची संमती लागते, जुना पुतळा किमान दहा वर्षे तिथे असावा लागतो आणि खर्च राज्याने करायचा असतो. संसदेच्या समितीची मान्यता मिळाली की मगच बदल होतो.

हा सगळा रस्ता युटा राज्याने डॉ. मार्था ह्यूज कॅनन यांच्यासाठी चालून दाखवला. मार्थाबाई वेल्समध्ये जन्मल्या आणि लहानपणीच अमेरिकेत आल्या. छापखान्यात खिळे जुळवून त्यांनी शिक्षणाचे पैसे साठवले आणि १८८० साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. १८९६ मध्ये त्या राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. पराभूत उमेदवारांत त्यांचे पतीही होते. सभागृहात जाऊन त्यांनी राज्याचे आरोग्य मंडळ स्थापन करणारे विधेयक मांडले. युटाच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये ठराव केला. टेलिव्हिजनचे एक जनक फायलो फार्न्सवर्थ यांचा पुतळा हलवून मार्थाबाईंचा बसवायचे ठरले. २०२० चा मुहूर्त करोनामुळे हुकला आणि ११ डिसेंबर २०२४ रोजी शिल्पकार बेन हॅमंड यांनी घडवलेल्या पुतळ्याचे अनावरण झाले.

आपल्याकडे नियम निराळे आहेत. १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर नवे पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असे सांगितले. महाराष्ट्रात पुतळ्यासाठी स्थानिक संस्थेचा ठराव आणि जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, पोलिसांचे म्हणणे विचारात घेतले जाते आणि शिल्पकाराने केलेल्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्यामुळे स्त्री डॉक्टरच्या पुतळ्यासाठी भर चौकाचा आग्रह धरण्यापेक्षा रुग्णालयाचे आवार, वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर किंवा एखादी बाग निवडणे व्यवहाराचेही ठरते आणि अर्थाचेही. तपासणीसाठी आलेली गरोदर बाई पायरीवर बसली की समोर डॉक्टर बाईंचा पुतळा दिसावा, यापेक्षा चांगली जागा कोणती?

तिसरा टप्पा : शिल्पकार कोण?

या टप्प्यावर घाई झाली की पुढचे सगळे बिघडते. एडिनबरोचे उदाहरण घ्या. डॉ. एल्सी इंग्लिस यांचा जन्म १८६४ सालचा, आपल्या नैनितालचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्त्रियांनी चालवलेली रुग्णालये आघाडीवर नेण्याची तयारी दाखवली, तेव्हा युद्धखात्याच्या अधिकाऱ्याने त्यांना घरी जाऊन स्वस्थ बसायला सांगितले. बाई बसल्या नाहीत. त्यांची रुग्णालये फ्रान्समध्ये गेली, सर्बियात गेली. १९१७ मध्ये परतल्याबरोबर त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या पुतळ्यासाठी लोकांनी पैसे जमवले. शिल्पकाराची निवड खुल्या पद्धतीने व्हायची होती. २०२२ साली विश्वस्तांनी ती निवड थांबवली आणि राजघराण्याची नेमणूक असलेल्या एका नामवंत शिल्पकाराला काम थेट दिले. वर्गणीदार नाराज झाले. स्त्री शिल्पकारांना आपले काम दाखवायची संधीच मिळाली नाही, अशी तक्रार झाली. ज्या डॉक्टर बाईला दारातून परत पाठवले होते, तिच्या पुतळ्यासाठी पुन्हा दार बंद झाल्याची भावना लोकांत पसरली.

चांगली रीत सोपी आहे. जाहिरात द्यायची. आलेल्या शिल्पकारांतून तीन-चार जणांना निवडायचे, त्यांना छोट्या प्रतिकृतीसाठी मानधन द्यायचे, त्या प्रतिकृती लोकांना पाहायला ठेवायच्या आणि मग निर्णय घ्यायचा. वेळ लागतो खरा, पण नंतर कुणाला बोट दाखवायला जागा उरत नाही.

चौथा टप्पा : चेहरा, हात, दिवा

शिल्पकाराचे काम मातीला हात लावण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तो फोटो मागतो, पत्रे वाचतो, कपड्यांची माहिती काढतो. पुरुष नेत्यांचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो मिळतात. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्री डॉक्टरांचे बहुधा दोन-चारच असतात आणि तेही समोरून काढलेले. मान मागून कशी होती, चालताना पदर कसा सुटायचा, हे फोटो सांगत नाही. मेरी सीकोल यांचे अल्बर्ट चॅलन यांनी १८६९ साली रंगवलेले व्यक्तिचित्र तर या शतकाच्या सुरुवातीला उजेडात आले. ते मिळाले नसते तर शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांची मोठीच अडचण झाली असती.

तपशील चुकला तर तो ब्राँझमध्ये कायमचा चुकतो. वॉटर्लू प्लेसमधल्या नाइटिंगेल यांच्या हाती तेलाचा दिवा आहे, ग्रीक पद्धतीचा, तोटी असलेला. प्रत्यक्षात त्या रात्रीच्या फेरीला तुर्की कंदील घेऊन जात. हा कंदील घडी घालता येणारा, पातळ कापडाच्या गोल भिंतीचा आणि आत मेणबत्ती असलेला असे. 'दिवा घेतलेली बाई' म्हणून त्यांची कीर्ती जगभर झाली आणि पुतळ्यात नेमका दिवाच दुसरा आला. शंभराहून अधिक वर्षे तो तसाच आहे.

आता आनंदीबाईंचा पुतळा मनात आणा. साडी कशी नेसलेली दाखवायची? पदर कुठे, दागिने कोणते, केस कसे? उत्तर १८८५ च्या त्या फोटोत आहे. तो भिंग लावून पाहायचा आणि जे दिसेल तेच करायचे. त्यांच्या गळ्यात आजच्या घडणीचा स्टेथोस्कोप घातला तर तीच दिव्याची चूक पुन्हा होईल. आणि वय! पुतळ्याला भारदस्तपणा यावा म्हणून चेहरा चाळिशीचा करण्याचा मोह होतो. आनंदीबाई पदवी घेताना वीस वर्षांच्या होत्या. ती मुलगी मुलगीच दिसली पाहिजे.

उभे राहण्याची ढबही विचाराने ठरते. जेनिंग्ज यांच्या सीकोल पुढे पाऊल टाकून निघालेल्या आहेत. अंगावरचे वस्त्र वाऱ्याने मागे उडते आहे, खांद्याला पिशवी आहे. त्यांच्या मागे ब्राँझची भली मोठी गोल तबकडी उभी आहे. जेनिंग्ज क्रिमियाला गेले आणि ज्या भागात बाईंचे हॉटेल होते तिथल्या खडकाळ जमिनीचा ठसा घेऊन आले. त्या ठशावरून ही तबकडी ओतली. म्हणजे लंडनमध्ये उभे राहून आपण क्रिमियाची जमीन पाहतो. ज्या मातीवर जायला परवानगी मिळाली नाही, तिथे बाई स्वतःच्या हिमतीवर पोहोचल्या, ही गोष्ट शिल्पकाराने एकही अक्षर न लिहिता सांगितली.

पाचवा टप्पा : माती, मेण, ब्राँझ

आता कार्यशाळेत शिरू. छोट्या प्रतिकृतीला मान्यता मिळाली की पूर्ण आकाराचे मातीकाम सुरू होते. आधी आतला सांगाडा. लोखंडी सळया, जाळी, लाकूड. त्यावर ठिकठिकाणी लाकडाचे छोटे तुकडे तारेने लोंबते बांधतात, म्हणजे ओल्या मातीला धरायला आधार मिळतो आणि ती स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही. हल्ली छोटी प्रतिकृती संगणकावर स्कॅन करून थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचा मोठा आकार यंत्राने कापतात आणि त्यावर मातीचा थर देतात. चेहरा आणि हात मात्र हातानेच घडतात. रात्री मातीवर ओली फडकी आणि प्लास्टिक पांघरून ठेवायचे, नाहीतर सकाळी भेगा दिसतात.

इथे दोन खुब्या पाहण्यासारख्या आहेत. पुतळा चौथऱ्यावर चढणार, आपण तो खालून पाहणार. खालून पाहताना डोके लहान दिसते, म्हणून शिल्पकार ते किंचित मोठे करतो. दुसरी गोष्ट डोळ्यांची. बुबुळाच्या जागी तो खोल खळगा करतो. उन्हात त्या खळग्यात सावली साचते आणि सावलीमुळेच नजर तयार होते. धातूचे डोळे जिवंत वाटतात ते या एवढ्याशा अंधारामुळे.

माती पूर्ण झाली की तिच्यावर रबराचा साचा घेतात. रबर मऊ, म्हणून त्याला बाहेरून प्लास्टर किंवा फायबरचे कडक कवच देतात. साचा तुकड्यांत उघडला की आत पुतळ्याचा उलटा ठसा मिळतो, अगदी शिल्पकाराच्या बोटाच्या रेषांसकट. या ठशात वितळलेले मेण लावतात, सुमारे पाच-सहा मिलिमीटर जाडीचे. साच्यातून निघते ती मेणाची पोकळ प्रतिमा. पोकळ का? भरीव ब्राँझ पेलवणार नाही इतके जड होईल आणि थंड होताना आतबाहेर असमान आकसून तडकेल.

मेणाच्या तुकड्यांना मेणाच्याच कांड्या जोडतात. काही कांड्या धातू आत यायची वाट, काही हवा बाहेर जायची वाट. मग तो तुकडा पांढऱ्या, दाट, मातीच्या रबडीत बुडवायचा, वर बारीक वाळू पेरायची आणि वाळू द्यायचा. पुन्हा बुडवायचा, पुन्हा वाळू. असे आठ-दहा थर चढायला कित्येक दिवस लागतात. मग ते कवच भट्टीत जाते. मेण वितळून निथळून जाते, कवच भाजून कडक होते आणि आत राहते ती पुतळ्याच्या आकाराची पोकळी. याच पोकळीत सुमारे ११०० अंश सेल्सियसला तापलेले ब्राँझ ओततात. भट्टीतून काढलेली मूस दोघे-तिघे मिळून सांभाळत आणतात, कुणी बोलत नाही, आणि केशरी धार एका दमात, न थांबता आत जाते. धार तुटली तर तो तुकडा पुन्हा करावा लागतो.

ही पद्धत आपल्या मातीला परकी नाही. संस्कृतात तिला मधूच्छिष्टविधान म्हणत. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे.

थंड झाल्यावर कवच फोडतात, कांड्या कापतात, तुकडे वेल्डिंगने जोडतात आणि सांधे घासून असे मिटवतात की जोड कुठे आहे ते कळू नये. थंड होताना ब्राँझ दीड ते दोन टक्के आकसते, याचा हिशेब मातीकामातच धरलेला असतो. आतून गंज न धरणाऱ्या पोलादाचा सांगाडा बसवतात, तो थेट पायथ्याच्या काँक्रीटपर्यंत नेऊन घट्ट करतात. हा न दिसणारा सांगाडा पुतळ्याचा कणा असतो. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा अनावरणाला नऊ महिने व्हायच्या आत कोसळला, तेव्हापासून हा कणा किती महत्त्वाचा असतो हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागत नाही. वाऱ्याचा दाब, समुद्राची खारी हवा, आतल्या जोडांची ताकद यांचा हिशेब संरचना अभियंत्याने करायचा असतो आणि समितीने तो कागदावर मागायचा असतो.

शेवटी रंग. ब्राँझवर आपण रंग लावत नाही. धातू तापवून त्यावर रसायने मारतात आणि पृष्ठभागच तपकिरी, काळपट किंवा हिरवट होतो. त्यावर मेणाचा पातळ थर. मेणातून जन्मलेला पुतळा मेणच पांघरून बाहेर पडतो.

सहावा टप्पा : चौथऱ्यावरची अक्षरे

पुतळ्याखालचा मजकूर म्हणजे दोन मिनिटांचे काम, असे अनेकांना वाटते. लंडनमधले एडिथ कॅव्हेल यांचे स्मारक पाहा. बेल्जियममध्ये परिचारिकांचे आधुनिक शिक्षण रुजवणाऱ्या या बाईंना, दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून, १२ ऑक्टोबर १९१५ रोजी जर्मन सैन्याने गोळ्या घातल्या. १९२० मध्ये स्मारक झाले, तेव्हा त्यावर देश आणि त्याग यांचे मोठे शब्द कोरले गेले. मृत्यूच्या आदल्या रात्री त्या स्वतः म्हणाल्या होत्या की नुसती देशभक्ती पुरेशी नाही, मनात कुणाविषयी द्वेष असता कामा नये. ते शब्द मात्र राहिले होते. स्त्रियांच्या संघटनेने मागणी लावून धरली आणि १९२४ मध्ये ते कोरले गेले. चार वर्षे ती बाई आपल्या स्मारकावर उभी होती, पण तिचे म्हणणे तिथे नव्हते.

आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनजागेत आहेत. ज्या अमेरिकन बाईंनी त्यांना परदेशात घर दिले, त्यांचेच हे कुटुंब. तिथल्या दगडावर नावासोबत एम.डी. ही पदवी आहे, जन्ममृत्यूची वर्षे आहेत आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद आहे. दूर देशी, मोजक्या शब्दांत, पदवीला तिची जागा दिलेली आहे. चौथऱ्यावर अशीच नेमकी माहिती हवी : पूर्ण नाव, पदवी, ती कुठून आणि कधी मिळवली, काय काम केले, कोणासाठी केले. देणगीदारांची आणि अनावरण करणाऱ्यांची यादी मागच्या बाजूला, लहान अक्षरांत शोभते. पुढच्या बाजूला बाईंचे काम असावे.

सातवा टप्पा : अनावरणानंतर

पडदा दूर होतो, टाळ्या होतात आणि पुतळ्याचे खरे आयुष्य सुरू होते. धूळ, धूर, पक्ष्यांची विष्ठा, पाऊस. समुद्रकाठच्या गावात खाऱ्या हवेतले क्षार ब्राँझला आतून पोखरतात आणि फिकट हिरवी भुकटी दिसू लागते. यावर उपाय साधा आहे. वर्षातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने मऊ ब्रशने धुणे, कोरडे करणे आणि पुन्हा मेण लावणे. आपल्या प्रेमाचाही पुतळ्यांना त्रास होतो, हे नम्रपणे सांगावेसे वाटते. दिवसेंदिवस न काढलेले ओले हार, दुधाचा अभिषेक, जयंतीच्या आदल्या दिवशी मारलेला सोनेरी ऑइलपेंट यांनी पृष्ठभाग खराब होतो आणि शिल्पकाराने महिनोन्महिने घडवलेला चेहरा रंगाच्या थरांखाली बुजतो. हार घालावा, संध्याकाळी काढावा. रंग मात्र कधीच लावू नये.

म्हणून निधी गोळा करतानाच निगेसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि देखभाल कोण करणार हे लिहून घ्यावे. परिचारिका विद्यालयाच्या मुली वर्षातून एकदा हा पुतळा धुतील, त्याच दिवशी त्या बाईंचे चरित्र वाचतील, अशी प्रथा पाडता आली तर पुतळाही टिकेल आणि आठवणही.

तुमच्या गावात सुरुवात कुठून?

सात टप्पे वाचून कुणाला वाटेल, हे आपल्या आवाक्यातले नाही. पण सीकोल यांच्या पुतळ्याची सुरुवात एका कबरीला भेट देण्याने झाली, हे विसरू नका. महाराष्ट्राच्या जवळपास प्रत्येक जुन्या गावात अशी एखादी बाई होऊन गेली आहे : पहिली डॉक्टर, प्लेगच्या दिवसांत माणसे सांभाळणारी, हजारो बाळंतपणे सुखरूप पार पाडणारी. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. डॉ. रखमाबाईंनी न्यायालयाच्या निकालापुढे मान न तुकवता लंडनला जाऊन वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि पुढे सुरत आणि राजकोटला स्त्रियांवर उपचार करण्यात आयुष्य घालवले. ही नावे तरी आपल्याला माहीत आहेत. आपल्या तालुक्याच्या डॉक्टर बाईंचे नाव माहीत आहे का?

पुतळा नंतर होईल. आधी एक फाइल करा. जुन्या घरांतल्या ट्रंकांतून फोटो मिळवा आणि समोरचा, बाजूचा, हातांचा, असे जितके कोन मिळतील तितके जपून स्कॅन करून ठेवा. जन्मतारीख, पदवीचे वर्ष, दवाखान्याचा पत्ता नोंदवा. त्यांच्या हातून जन्मलेली माणसे अजून हयात आहेत, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. उद्या एखादा शिल्पकार मातीला हात घालेल, तेव्हा त्याला हीच फाइल लागेल. आणि उद्या पुतळा नाही झाला, तरी त्या बाईंचा चेहरा आणि त्यांचे काम कुणी पुसू शकणार नाही.